टपालाने सुई शिकता येते का?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे, चिपळूणला काम करते. तिला ॲक्युपंक्चर शिकायचंय. मोबाइलवर तीन महिन्यांचा कोर्स दिसला, सर्टिफिकेट घरपोच. 'पाच हजार वर्षांची अखंड परंपरा, डॉ. कोटणीसांनी भारतात आणली,' असं जाहिरातीत आहे. फी भरू का?
— एक आई, गुहागर

उत्तर : ताई, आधी कोटणीसांचं बघू. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. परतच आले नाहीत, तर आणणार काय? त्याच पथकातले डॉ. बिजय कुमार बसू १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, सुया लावायला शिकले आणि ती विद्या त्यांनी कलकत्त्याला आणली.

'अखंड'वरही काट मारा. जुने ग्रंथ दोनेक हजार वर्षांचे आहेत, पण १८२२ साली चीनच्या बादशहाने राजवैद्यकाच्या संस्थेतून ॲक्युपंक्चरला बाहेर काढलं. मग ते उरलं गावोगावच्या वैद्यांच्या हातात.

आणि गंमत बघा, पुन्हा उभं राहिलं ते टपालाच्या कोर्सच्या आधाराने! चेंग दान-आन नावाचे एक वैद्य होते. त्यांची कंबर धरली होती, ती वडिलांनी सुया लावून सोडवली, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. १९३०च्या दशकात त्यांनी वूशी शहरातून टपालाने ॲक्युपंक्चर शिकवायला सुरुवात केली, एक नियतकालिकही काढलं. जाड सुयांऐवजी केसासारख्या बारीक सुया धरल्या. जुन्या पद्धतीत रक्त काढत, म्हणून सुई टोचायच्या कितीतरी जागा, म्हणजे बिंदू, शिरांवर होते. यांनी शरीरशास्त्र बघून ते शिरांपासून बाजूला सरकवले. आज मुलं शिकतात त्यातलं बरंचसं या माणसाचं आहे. १९३४-३५ मध्ये ते जपानला जाऊन तिथल्या शाळा बघून आले आणि आल्यावर समोर बसवून शिकवण्याचे वर्गही सुरू केले. १९३७च्या चीन-जपान युद्धात सगळं विस्कटलं. १९५४ मध्ये सरकारने त्यांना च्यांगसू प्रांताच्या नव्या वैद्यक शाळेचं प्रमुख केलं.

म्हणजे टपालाला मी नाव ठेवत नाही. बिंदूंची नावं, शरीररचना हे घरी बसून वाचता येतं. हात मात्र टपालाने येत नाही.

मी मुंबईला शिकत होते तेव्हा सरांनी कापसाचा घट्ट गोळा दिला होता, सुई न वाकता आत जायला हवी. सुट्टीत वेंगुर्ल्याला आले तर घरात काजूच्या बोंडूंची टोपली. एकेक घेऊन टोचत बसले. जरा जोर झाला की रस बाहेर आणि परकरावर डाग, तो काय जातोय! आई म्हणाली, "फळां नासतंस कित्याक?" पुढे वाचलं, की चीनमध्ये साधारण १०२७ साली शिकवण्यासाठी पितळी-काशाचे पुतळे ओतले होते, बिंदूंच्या जागी भोकं ठेवून. वरून मेण लावायचं, आत पाणी भरायचं. सुई बरोबर लागली तर पाणी बाहेर, नाहीतर नापास. माझ्या बोंडूंचं नेमकं उलटं.

हात कच्चा असला की काय होतं तेही सांगते. खांद्याच्या वर, मानेच्या बाजूला ज्या जागी आपण "इथे धरलंय" म्हणतो, तिथून फुप्फुसाचं टोक फार लांब नसतं. अशाच घरबसल्या कोर्सवाल्याने तिथे सरळ आत सुई घातलेला एक खलाशी माझ्याकडे धापा टाकत आला होता. छातीत हवा भरली होती, तसाच जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवला.

तेव्हा फी आत्ता भरू नका. केंद्राने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली आहे, आणि आपल्या राज्यात वेगळा कायदा आणि परिषद आहे. ही संस्था परिषदेच्या मान्यतेची आहे का, एवढं आधी विचारा. आणि समोर बसून, माणसावर, किती दिवस शिकवणार तेही. या दुसऱ्या प्रश्नाला फोनवरचा माणूस घुटमळला की समजा.

मुलगी कधी वेंगुर्ल्याकडे आली तर पाठवा. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं, नडगीच्या बाहेर एक बोट, तिथला बिंदू माझ्याच पायावर शोधू दे. बोटं माझी मोजायची, तिची नव्हेत. पहिल्या दिवशी सगळे तिथेच चुकतात.