हिवाळ्यातली डोंगरधाव: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

चढणीवर मी गटात पुढे असतो, पण उतरणीवर सगळे मला मागे टाकतात आणि पुढचे दोन दिवस जिना उतरवत नाही. फेब्रुवारीत 10 किलोमीटर अंतर आणि 500 मीटर चढ असलेल्या शर्यतीत नाव दिलं आहे. तयारी कशी करू? (चिपळूण)

आधी शर्यत किती मोठी आहे ते ओळखा. धावताना 1 मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे साधारण 8 मीटर, असा हिशोब धरतात. 500 मीटर चढाचे 4 किलोमीटर झाले, म्हणजे मेहनत 14 किलोमीटरची आहे. नेहमीच्या 10 किलोमीटरच्या वेगाने सुटलात तर माथ्यावर पोचेपर्यंतच पाय संपतील. चढ 25 टक्क्यांच्या वर गेला की सरळ चालायला लागा, हात गुडघ्यांच्या वर मांडीवर टेकून. तिथे धावणारा फार पुढे जात नाही, दमतो मात्र खूप.

आता उतरण. मांडीचा पुढचा स्नायू उतरताना एकीकडे ताणला जातो आणि त्याच वेळी शरीराचा भारही पेलतो. या कामाची सवय नसली की त्याचे बारीक तंतू दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणका लागतो. चढून चढून ही सवय होत नाही, उतरूनच होते. दिलासा एवढाच, की एकदा नीट उतरण झाली की तोच स्नायू पुढचे काही आठवडे बराच कमी दुखतो.

म्हणून शर्यतीच्या सहा आठवडे आधीपासून आठवड्यातला एक दिवस फक्त उतरणीला द्या. 60 ते 100 मीटर उंचीची घाटी पुरे. खाडीकाठच्या वाडीतून सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, जाणारी एखादी पायवाट बघा. चढताना चाला, उतरताना धावा. पहिल्या आठवड्यात 3 फेऱ्या, मग दर आठवड्याला एक वाढवत 7 पर्यंत न्या. शेवटची मोठी उतरण शर्यतीच्या 10 ते 14 दिवस आधी संपवा.

पाऊल लहान आणि झटपट हवं, मिनिटाला 180 च्या आसपास. पाय कमरेखाली पडला पाहिजे. भीतीने माणूस मागे झुकतो, मग टाच पुढे रोवली जाते, तीच घसरते आणि सगळा धक्का गुडघ्यात जातो. बहुतेकांचं इथेच चुकतं. नजर पायाशी नको, तीन-चार मीटर पुढे हवी. हात थोडे पसरलेले राहू द्यात. जांभ्याच्या सुट्या खड्यांचा घसारा आला तर मधेच थांबायला जाऊ नका. दोन-तीन हलक्या पावलांत तो ओलांडा आणि पक्क्या कातळावर आल्यावर वेग कमी करा. पाखाडीवर सावलीतल्या पायऱ्या जपून उतरा, वाळलेलं शेवाळ दंवाने परत निसरडं होतं. काजूच्या बागेत पाचोळ्याखाली खड्डा असतो असंच धरून चाला.

मुलगी शिकायला इंग्लंडला आहे. तिथल्या क्लबातून जानेवारीत ‘फेल रेस’ला जाणार म्हणते. सोबत न्यायच्या सामानात होकायंत्र आणि शिट्टीसुद्धा आहे. धावायला हे कशाला? (दापोली)

उत्तर इंग्लंडमध्ये उघड्याबोडक्या डोंगरांना ‘फेल’ म्हणतात. या शर्यतींत बऱ्याचदा रस्ता आखलेला नसतो. ठरलेल्या चौक्या गाठायच्या, मधली वाट ज्याची त्याने शोधायची. ढग उतरले की वीस पावलांपलीकडचं दिसत नाही, म्हणून नकाशा आणि होकायंत्र. तिथे शर्यतींचे वर्गही ठरलेले आहेत. ‘ए’ वर्गात दर किलोमीटरला सरासरी किमान 50 मीटर चढ असतो, ‘बी’त 25, ‘सी’त 20. शिवाय 10 किलोमीटरपर्यंत छोटी, 20 पर्यंत मध्यम आणि त्यापुढे लांब. पहिल्या हिवाळ्यात तिने छोटी ‘सी’ किंवा ‘बी’ निवडावी.

धावणारा गारठत नाही, थांबलेला गारठतो. पाय मुरगळून भिजल्या अंगाने वाऱ्यात बसावं लागलं तर थोड्याच वेळात थरथर सुटते. म्हणून टोपी असलेलं, शिवणी सीलबंद केलेलं जलरोधक जाकीट, तशीच पँट, कानटोपी, हातमोजे आणि जास्तीचं खाणं जवळ असावं लागतं. सामान अपुरं असेल तर आयोजक सुरुवातीलाच परत पाठवू शकतात, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडच्या सुती बनियनची सवय तिने सोडावी. सूत भिजलं की अंगाची ऊब ओढून घेतं. बोटं वेगळी असलेल्या हातमोज्यांपेक्षा बोटं एकत्र राहणारे हातमोजे जास्त ऊब देतात.

शिट्टी मदत मागायला असते. ती मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा वेळा. कुणी ऐकलं तर तीन शिट्ट्यांनी उत्तर देतात. सोबतीचा धावणारा अडखळायला लागला, बोलणं जड झालं, विचारलेलं त्याला उमगेना, तर ती थंडी चढल्याची खूण. शर्यत सोडून त्याच्याजवळ थांबायचं. आणि मधेच सोडली तरी शेवटच्या रेषेवर जाऊन नाव सांगायचंच. नाहीतर रात्री बचावपथक अशा माणसाला डोंगरात शोधत राहतं, जो केव्हाच घरी पोचलेला असतो.

सड्यावरच्या शर्यतीत दोन तासांनी पोटऱ्यांत गोळे येतात. पाणी तर भरपूर पितो. (राजापूर)

नुसतं भरपूर पाणी हा उपाय नव्हे. गोळ्यांचं मोठं कारण दमलेला स्नायू, म्हणजे सुरुवातीचा वेग पाहा. गोळा आला की थांबून टाच जमिनीला टेकवा आणि पोटरी ताणा, लगेच सुटतो.

घाम मात्र मोजा. सरावाआधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा. तासाभरात 1 किलो घटलं तर साधारण 1 लिटर घाम गेला. मधे प्यालेलं पाणी त्यात मिळवा. कोकणात हिवाळ्यातही सकाळची हवा दमट असते, घाम वाळत नाही, नुसता गळतो. नऊनंतर सड्यावर झाडाची सावली नसते आणि कातळही तापतो. गेलेलं सगळं भरून काढायची गरज नाही, पण वजन 2 टक्क्यांहून फार घटू देऊ नका. उलट शर्यतीनंतर वजन वाढलेलं असेल, बोटं सुजली असतील, मळमळत असेल, तर पाणी जास्त झालंय आणि रक्तातलं मीठ पातळ झालंय. हे तहानेपेक्षा धोक्याचं आहे.

दोन तासांच्या धावेला ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापातच पाण्यात मिसळा, दाट करू नका. घरी करायचं तर 1 लिटर पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. कोकमाचं सरबत चालतं, पण शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा नको, आंबटपणाने काहींचं पोट बिघडतं. सोबत तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्यात. एका मध्यम केळ्यातून 25 ग्रॅमच्या आसपास मिळतात.

सरावाच्या वाटेवर फुरसं दिसलं. काय काळजी घ्यावी? (देवगड)

फुरसं हा विषारी साप जांभ्याच्या फटीत आणि गडग्याच्या दगडांत असतो, हिवाळ्यात सकाळी उन्हाला येतो. रंग कातळाचाच, म्हणून दिसत नाही. गडगा ओलांडताना पलीकडे बघितल्याशिवाय हात किंवा पाय टाकू नका. अंधारात विजेरी हवीच. चावलंच तर धावू नका, चालूही नका. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं यातलं काही करू नका. चावलेला अवयव फळीने स्थिर करा आणि 108 ला फोन करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जा. या विषाने रक्त गोठेनासं होतं, त्यामुळे सूज कमी दिसली तरी घरी थांबायचं नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर चालतं.

पुळणीवर धावून डोंगराची तयारी होते का? आणि बूट कोणते? (गुहागर)

घोटे मजबूत होतात, मांड्या नाहीत. ओहोटीच्या ओल्या, घट्ट वाळूत धावा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती दुपारी बाराच्या आसपास असते, म्हणजे पहाटे मोकळी पुळण मिळते. किनारा तिरका असतो, त्यामुळे जितकं जाल तितकंच परत या, नाहीतर एकाच पायावर ताण येतो.

बुटांचं म्हणाल तर इंग्लंडच्या चिखलासाठीचे 8 मिलिमीटर खुंट्यांचे मऊ तळवे जांभ्यावर भराभर झिजतात. आपल्याला 4 मिलिमीटर पुरे, रबर जरा कडक हवं आणि चवड्यापुढे अंगठ्याएवढी जागा, कारण उतरणीवर पाय पुढे सरकतो आणि नखं काळी पडतात. मोजे पोटरीपर्यंत घ्या, जानेवारीत सड्यावरची कुसळं आखूड मोज्यांत घुसतात.