दंडाचं हाड मोडलंय: प्लेट टाकायची की ब्रेसवर भागेल?

तुमच्या आईंच्या (वय ५८) दंडाचं हाड मधोमध मोडलंय. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून प्लेट (हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) टाका, दुसरे म्हणतात ब्रेसवर (दंडाभोवती बाहेरून आवळायच्या आधारावर) जुळेल, आणि कुणाचं ऐकायचं हा तुमचा प्रश्न. मी डॉक्टर नाही. पण गेल्या वर्षी जुलैत कर्वे रस्त्यावर पावसात ॲक्टिव्हा घसरली आणि माझा डावा दंड ह्याच जागी मोडला. मीही असेच दोन उलटसुलट सल्ले घेऊन घरी बसले होते. शेवटी ब्रेस घेतला.

पुण्यात हाड मोडलं की सोसायटीतला प्रत्येक जण आधी 'संचेतीत (इथलं हाडांचं हॉस्पिटल) दाखवलं का?' विचारतो आणि मग मेव्हण्याच्या मांडीत रॉड कसा टाकला ते सांगत बसतो. मांडीचा न्याय दंडाला लावू नका. मांडीवर अख्खं शरीर तोलायचं असतं, दंड नुसता लोंबतो. उठून बसलं की हाताच्या वजनानेच तुकडे ओढले जाऊन बऱ्यापैकी रेषेत येतात. शिवाय थोडं वाकडं जुळलं तरी खांदा सांभाळून घेतो. माझ्या डॉक्टरांनी सांगितलेला हिशोब असा: पुढे-मागे २० अंश, बाजूला ३० अंश वाक आणि ३ सेंटीमीटरपर्यंत आखूडपणा चालतो. एक्स-रेवर ते भयंकर दिसतं, बाही घातली की कळतही नाही.

आता दुसरी बाजू. फिनलंडमध्ये ८२ रुग्णांवर प्लेट आणि ब्रेसची तुलना झाली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर हाताच्या वापरात दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. मात्र ब्रेसवाल्यांपैकी साधारण ३० टक्क्यांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं. म्हणजे ब्रेस घेतला तरी ऑपरेशनचं दार उघडंच राहतं, हे आईंना आधीच सांगून ठेवा. प्लेटने दुखणं लवकर आटोक्यात येतं, हात लवकर चालतो. बदल्यात भूल, जंतुसंसर्ग आणि नसेला धक्का लागण्याची जोखीम घ्यावी लागते. हाड कातडी फोडून बाहेर आलं असेल, रक्तवाहिनी दुखावली असेल, त्याच हाताचं कोपराखालचं हाडही मोडलं असेल, तर मात्र ब्रेसचा विषयच नको.

नसेचं जरा सविस्तर सांगते, कारण मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं. दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून रेडियल नावाची नस जाते, अगदी हाडाला चिकटून. मधोमध मोडलेल्या दर आठ-दहा जणांत एखाद्याची ती दुखावते आणि मनगट लटकं पडतं. माझं पडलं होतं. बोटं मिटायची, पण पंजा वर उचलायचा म्हटलं की काही केल्या उठायचा नाही, दोरी तुटलेल्या बाहुलीसारखा. मी घाबरून 'आता तरी ऑपरेशन करा' म्हणाले. डॉक्टर म्हणाले, बहुतेकांची नस तुटलेली नसते, नुसती दबलेली किंवा ताणलेली असते, आपोआप जागी होते, तीन-चार महिने वाट पाहू. तोवर मनगटाला आधार देणारी पट्टी आणि दुसऱ्या हाताने बोटं सरळ करत राहणं. अकराव्या आठवड्यात ताटातली पोळी उचलताना मनगट जरासं वर आलं. मी पोळी टाकून नवऱ्याला हाक मारली.

ब्रेस म्हणजे काय तर दंडाभोवतीचं प्लॅस्टिकचं दोन फाकांचं नळकांडं, वर आवळायचे पट्टे. पहिले दहा-बारा दिवस सूज असते म्हणून स्लॅब (एका बाजूने लावलेलं अर्धं प्लास्टर), मग हा. सूज उतरली की तो सैल होतो, म्हणून पट्टे रोज आवळायचे. आत सुती मोजासारखं कापड असतं. त्याचे दोन-तीन जोड घ्या, पुण्याच्या दमट पावसाळ्यात ते वाळतच नाहीत. हात गळ्यात अडकवायचा तो मनगटापाशी, कोपर मोकळं लोंबू द्यायचं. इथेच सगळे चुकतात. घरची माणसं मायेने कोपराखाली उशी सरकवतात आणि त्या उशीने खालचा तुकडा वर ढकलला जाऊन हाड वाकतं. माझ्या सासूबाईंची उशी मी रोज दोनदा काढायचे.

झोपेचं सांगायचं तर पाच आठवडे मी आरामखुर्चीत बसून झोपले. आडवं झालं की हाडाचे तुकडे एकमेकांवर घासल्याचं जाणवतं, करकर अशी. ऐकायला भीती वाटते, पण सुरुवातीला ती असते. कपड्यांत पुढून बटणांचे, दोन मापं मोठे गाऊन. काखेत धुण्यासाठी कमरेतून वाकायचं आणि हात सैल सोडायचा, त्याच अवस्थेत फिजिओने शिकवलेले हळू झोके. आई अंगाने भरलेल्या असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, कारण छातीच्या भारामुळे हाड बाहेरच्या बाजूला बाक काढतं आणि ब्रेस नीट बसत नाही.

पहिले तीन आठवडे दर आठवड्याला एक्स-रे. सहाव्या-सातव्या आठवड्यात डॉक्टर मोडलेल्या जागी बोटं ठेवून हात हलवून बघतात. हाड एकसंध हललं तर 'धरलंय'. तिथे अजून स्पष्ट लचकत असेल, तर मात्र ताणत बसू नका, प्लेटचं बोलणं तेव्हा करा. माझा ब्रेस बाराव्या आठवड्यात निघाला; खांदा मोकळा व्हायला आणखी दोन महिने गेले. आईंना मिश्री किंवा तंबाखूची सवय असेल तर ती आजपासून बंद, हाड जुळायला त्याने उशीर होतो. मधुमेह असेल तर साखरही ताब्यात हवी.

दोन डॉक्टरांपैकी मी त्यांना निवडलं ज्यांनी 'सहा आठवड्यांनी हाड धरलं नाही तर तुम्ही काय कराल?' ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलं. दुसरे चिडले होते.

आत्ता एक करा. आईंना पंजा आणि अंगठा वर उचलायला सांगा आणि उद्या जाल तेव्हा उचलला की नाही हे आपणहून डॉक्टरांना सांगा. मोडायच्या दिवसापासून नस कशी होती ह्याची कागदावर नोंद असली पाहिजे.