पोलिसांचे हात बांधले तर गुंडांचं फावत नाही का?

तुम्ही विचारलंय, व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली सरकारच्या अधिकारांवर बंधनं घातली तर गुंडांचंच फावतं, मग ही बंधनं हवीत कशाला? मी ठाण्यात वकिली करतो, म्हणून इथलंच उदाहरण घेतो: तडीपारी.

एरियातला दादा तडीपार झाला की सगळ्यांना बरं वाटतं. मलाही वाटतं. पण तो हुकूम निघतो कसा? महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५६ खाली गुन्हा शाबित व्हावा लागत नाही. हा माणूस धोकादायक आहे असं मानायला आधार आहे आणि साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत झालं तरी पुरतं. जबाब गोपनीय, नावं झाकलेली, नोटिशीत आरोप मोघम. अमुक महिन्यात तमुक परिसरात एका इसमास धमकावले, एवढंच. कोणाला, कशावरून, काही नाही. याला माणूस उत्तर तरी काय देणार? ग्रामीण भागात निदान प्रांत, म्हणजे पोलीस खात्याबाहेरचे महसूल अधिकारी, निर्णय घेतात. ठाणे, नवी मुंबईत पोलीस आयुक्तालय असल्यामुळे प्रस्ताव पोलीस ठाण्याचा आणि सही पोलीस उपायुक्तांची. अपील ३० दिवसांत, तेही राज्य सरकारकडेच! त्यानंतर हायकोर्ट. तोवर घरदार, धंदा सोडून जिल्ह्याबाहेर. मुदत दोन वर्षांपर्यंत असू शकते.

जानेवारी २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने जालन्यातला असाच एक हुकूम रद्द केला. तडीपारीने कुठेही फिरण्याच्या मूलभूत हक्कावर गदा येते, तेव्हा हे हत्यार अपवाद म्हणूनच वापरा आणि पूर्ण दोन वर्षं का, याचा विचार हुकमात दिसू द्या, असं कोर्टाचं म्हणणं.

आणि बडगा गुंडांवरच पडतो म्हणाल, तर नोव्हेंबर २०१२ आठवा. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून एका तरुणीला, आणि ते लाइक केलं म्हणून दुसरीला अटक झाली. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या ज्या कलम ६६-अ वरून पुढे एवढं रान उठलं, ते सुप्रीम कोर्टाने मार्च २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरवलं. मधल्या काळात ते देशभर लागू होतंच.

साक्षीदार घाबरतात, हे मात्र खरं आहे. दादाविरुद्ध कोर्टात उभं राहायला कोणीही दहा वेळा विचार करेल. म्हणून त्यांची नावं दादापासून जरूर लपवा, पण ते जबाब पोलीस खात्याबाहेरच्या एखाद्या न्यायदंडाधिकाऱ्याला आधी वाचू द्या आणि सही त्याची असू द्या. प्रकरणात दम असेल तर दादा तेव्हाही तडीपार होईलच.