घरबसल्या काशी बघायला कोण तयार आहे? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात व्हीआर पर्यटनावर लेख आला होता, म्हणजे डोळ्याला हेडसेट लावून घरातूनच गावं, देवळं, किल्ले बघणं, आणि त्यावर तुमचे प्रश्न मागवले होते. सगळ्यात जास्त पत्रं बडोद्याहून आली. त्यातली काही इथे घेतेय.

प्रश्न: सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत. काशी राहिली माझी, असं सारखं म्हणतात. मुलाने हौसेनं हेडसेट आणला, त्यात काशीचे घाट दिसतात, पण आई हातच लावत नाहीत, "असली काशी मला नको" म्हणतात. त्यांना तयार कसं करायचं? (एक सूनबाई, दांडिया बाजार)

ताई, त्या हेडसेटला घाबरतायत असं मला तुमच्या पत्रावरून वाटत नाही. त्यांना ऐकू येतंय ते असं की आता खरी काशी रद्द, त्याच्या बदल्यात हे घ्या. मग कोण हो म्हणेल? आयुष्यभर मनात धरलेली गोष्ट अशी कुणी खोक्यातून आणून दिली तर मीसुद्धा नको म्हणेन.

म्हणून आधी हेडसेट बाजूला ठेवा आणि घरात बसून खरंच ठरवा की काशी होऊ शकते का. बडोद्याहून वाराणसीला थेट गाडी आहे, स्टेशनवर व्हीलचेअर मिळते, देवळाच्या परिसरातही २०२१ नंतर पूर्वीपेक्षा बरीच मोकळी जागा झालीय. डॉक्टर हो म्हणाले तर जायचं ठरवा, आणि निघायच्या आधी घाट हेडसेटमध्ये दाखवा, कुठे पायऱ्या जास्त आहेत, कुठे बसता येईल ते त्यांनाच ठरवू द्या. तेव्हा त्या आपणहून मागतील बघा.

आणि डॉक्टर नाहीच म्हणाले तर सुरुवात काशीने करू नका. तुम्ही लिहिलंय की त्यांचं माहेर नाशिकचं. गुगलचं स्ट्रीट व्ह्यू, म्हणजे रस्त्यारस्त्यांवरून फिरून काढलेली चित्रं, २०२२ मध्ये भारतात परत सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत नाशिक होतं, आपलं बडोदंपण होतं. हेडसेटमध्ये वाँडर नावाचं अ‍ॅप आहे त्यात ती चित्रं चारी बाजूंनी बघता येतात. त्यांना पंचवटीच्या रस्त्यावर नेऊन उभं करा आणि विचारा, आई तुमचं घर कुठल्या बाजूला होतं. त्या सांगतील आणि तुम्ही ऐकाल, मग कोण कुणाला फिरवतंय ते आपोआप उलटं होतं. माझ्या मते म्हाताऱ्या माणसांसाठी या यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे.

दोन गोष्टी सांभाळा. त्यांना जे दिसतंय तेच टीव्हीवर पण दिसू शकतं, कास्टिंग म्हणतात, ते चालू ठेवा, म्हणजे त्या आत एकट्या आणि बाकी सगळे बाहेरून बघतायत असं होणार नाही. आणि पहिल्यांदा पासथ्रू चालू ठेवूनच हेडसेट द्या, त्यात कॅमेऱ्यातून आपली खोली दिसत राहते, एकदम अंधार झाल्यासारखं होत नाही. अंबाडा, टिकली, चष्मा, या बारीक वाटणाऱ्या गोष्टींवरूनच बायका नको म्हणतात, तेव्हा पट्टा सैल करून, आरशासमोर, कुणी मोबाईलवर शूट करत नसताना लावून बघा. तरीही नको म्हणाल्या तर नको, तिसऱ्यांदा विचारायचं नाही.

प्रश्न: मी एम. एस. युनिव्हर्सिटीत शिकतो, प्रोजेक्टचा विषय "पर्यटक व्हीआर वापरायला तयार आहेत का". फॉर्मवर जवळपास सगळ्यांनी "हो, नक्की वापरीन" लिहिलं. मग कॉलेजच्या फेस्टमध्ये फुकट स्टॉल लावला तर त्यातलेच बहुतेक जण लांबून बघून गेले. आता रिपोर्टमध्ये काय लिहू? (एक विद्यार्थी, फतेगंज)

अरे, हेच लिही! तुझ्या हाताला फॉर्मपेक्षा मोठी गोष्ट लागलीय, ती लपवू नकोस.

तुमच्या गाइडनी फ्रेड डेव्हिसचं १९८९ चं मॉडेल दिलं असणार, की माणूस नवं तंत्रज्ञान स्वीकारतो ते उपयोगाचं वाटलं आणि सोपं वाटलं तर. ते ऑफिसातल्या कॉम्प्युटरसाठी बनलेलं होतं. फिरणं ही हौसेची गोष्ट, तिथे मजा येणार का हा प्रश्न बाकी दोघांच्या आधी येतो, आणि मजा फॉर्मवर कळत नाही, लावून बघितल्यावरच कळते. आयझेन या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ च्या आपल्या मॉडेलमध्ये अजून दोन गोष्टी धरल्या, आजूबाजूचे लोक काय म्हणतील आणि हे माझ्या हातात आहे का. तुझ्या स्टॉलवर या दोन्हीच आडव्या आल्या असणार, कारण चारचौघांत डोळे झाकून हवेत हात फिरवायचे, मित्र रेकॉर्डिंग करणार, मुलींना ओढणी सावरायची, वर बडोद्याची गरमी आणि आधीच्या माणसाच्या घामाने ओला झालेला फोम. मीपण लांबूनच बघितलं असतं.

परत कर, पण पडदा लाव, बसायला खुर्ची दे, प्रत्येकाला नवीन कापडी किंवा कागदी कव्हर दे, आणि दोघा-दोघांना आत घे. प्रश्न लावायच्या आधी आणि नंतर दोन्हीवेळा विचार. "वापराल का" असं मोघम विचारू नकोस, गुरुवारी चार वाजता याल का, पन्नास रुपये द्याल का, असं विचार, आणि आले किती ते मोज. नाही म्हणाले त्यांच्याशी सगळ्यात जास्त बोल. हो म्हणणारे बहुतेकदा तुझं मन राखतात, नाही म्हणणारा खरं कारण सांगतो.

प्रश्न: गरगरतं, मळमळतं. माझ्यात काही दोष आहे का? (रावपुरा)

नाही. डोळे सांगतात आपण चालतोय आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण बसलोय, त्या भांडणाने गरगरतं. रोलर कोस्टर, ड्रोनचे व्हिडिओ सोडा, कॅमेरा एका जागी उभा असलेले बघा, बसूनच बघा, पाच मिनिटांत काढा. अंधुक दिसत असेल तर दोन भिंगांमधलं अंतर जुळवा. चक्कर किंवा फिट्सचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मुलांसाठी कंपनीने दिलेली वयाची अट पाळा, मेटाच्या हेडसेटला दहा वर्षांखालचं मूल चालत नाही.

प्रश्न: माझा टूर्सचा छोटा धंदा आहे. ऑफिसात व्हीआरवर केदारनाथ, युरोप दाखवलं तर लोक तेवढ्यावरच खुश होऊन बुकिंग करणार नाहीत अशी भीती वाटते. (अलकापुरी)

दादा, उलटंच दिसून आलंय. मॅरियट हॉटेलवाल्यांनी २०१४ मध्ये बूथ उभे करून लोकांना हवाईचा किनारा दाखवला, थॉमस कुकने २०१५ मध्ये आपल्या दुकानांत हेडसेट ठेवले, ते गिऱ्हाईक घालवायला नक्कीच नाही. हाँगकाँग आणि ब्रिटनमधल्या लोकांवर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यातही जितकं "आपण तिथेच आहोत" असं वाटलं तितकी ती जागा जास्त आवडली आणि जायची इच्छा वाढली.

पण माझं एक कळकळीचं सांगणं आहे. चकचकीत ड्रोन शॉट दाखवू नका. केदारनाथची ती १६ किलोमीटरच्या आसपासची चढण दाखवा, खोली दाखवा, बाथरूम दाखवा, गर्दीच्या दिवसातली लाईन दाखवा. एखादं कुटुंब ते बघून "आईंना नको न्यायला" म्हणेल आणि एक सीट कमी होईल, होऊ दे, ती आई अर्ध्या वाटेत बसून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि पुढच्या वर्षी तेच लोक तुमच्याकडे येतील.

प्रश्न: आपला तांबेकर वाडा किती जणांनी बघितलाय? भिंतीवरची चित्रं झिजतायत. सगळं व्हीआरमध्ये करून वाडा बंदच ठेवला तर? (एक निवृत्त चित्रकला शिक्षक)

सर, तुमची तळमळ कळते, कृष्णलीला आणि महाभारताची ती चित्रं हे आपल्या बडोद्याच्या मराठी माणसांचं घरचं धन आहे. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे, हजारो वर्षांपूर्वीची चित्रं. लोकांच्या श्वासाने आत दमटपणा वाढला, शेवाळ आलं, म्हणून १९६३ मध्ये ती बंद केली. १९८३ मध्ये शेजारी हुबेहूब प्रतिकृती उघडली, २०१६ मध्ये त्याहून मोठी, आणि लोक ती बघायला आनंदाने जातात, कारण मूळ का बंद आहे ते त्यांना पटलंय. कारण पटलं की लोक तयार होतात.

पण वाड्याची गोष्ट वेगळी आहे. तिथे गर्दी हा प्रश्नच नाही, लोकांना माहीतच नाही हा प्रश्न आहे, आणि बंद केला तर जी चार माणसं विचारपूस करतात तीही थांबतील. माझं मत, वाडा उघडा राहू दे, एका वेळी थोडेच लोक आत सोडा, आणि शूटिंग जरूर करा. वाडा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे, तेव्हा आधी परवानगी लागेल. नुसता व्हिडिओ नको, प्रत्येक भिंतीचे जवळून, एकसारख्या उजेडात फोटो हवेत, म्हणजे दहा वर्षांनी कुठला रंग किती उडाला ते ताडून बघता येईल. त्यातूनच शाळांसाठी व्हीआर करता येईल. फतेगंजचा तो विद्यार्थी आणि तुम्ही, दोघांचे पत्ते आमच्याकडे आहेत, दोघांची हरकत नसेल तर गाठ घालून देते, तसं कळवा.