पोरांसोबत दिवसभर वाचायला बसताय पहिल्यांदा, तर हे करा

ताई, आधी एक सांगते, किती वाचलं ते बघायला पोरांना पानं मोजायला लावू नका, मिनिटं मोजा. माझी थोरली पानं मोजायची आणि धाकटा मागं पडला की रडायचा, मग मी दोघांच्या मिनिटांची बेरीज एकाच वहीत लिहायला लागले आणि भांडणच संपलं. वीस मिनिटं वाचायचं, दहा मिनिटं अंगणात सोडायचं, सात-आठ वर्षांच्या पोराला एवढं पुरतं.

आपल्या बेळगावात पोरं शाळेत इंग्लिश नाहीतर कन्नड वाचतात, मराठी जोडाक्षर आलं की अडतात, तेव्हा लगेच चूक काढू नका, एक पान तुम्ही मोठ्यानं वाचा, एक त्याला वाचू दे. कन्नड पुस्तक पण धरा की, वाचन ते वाचनच. पुस्तकं आदल्या आठवड्यातच आणून ठेवा, सार्वजनिक वाचनालय आहेच आपलं 1848 चं, आणि बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक नेटवर फुकट मिळतात, पातळ असतात म्हणून पटकन संपतात आणि पोरांना हुरूप येतो.

दुपारी जेवल्यावर डोळे मिटतातच, त्या वेळेला आजीला वाचायला बसवा, पोरं नुसती ऐकू देत, ते पण मिनिटांत धरायचं. स्वयंपाक सकाळीच उरकून टाका, नाहीतर तुम्ही दिवसभर गॅसजवळ आणि पोरं टीव्हीजवळ. आणि मोबाईल तुमचा पण कपाटात हं, पोरं तेच बघतात. रात्री बारापर्यंत वाचायचाच हट्ट नको, धाकटा आठला झोपला तर झोपू दे.