शनिवारची पोटदुखी आणि बाबांचे 32 प्ले

सप्टेंबर उजाडला की हा प्रश्न मला हमखास येतो, कधी फोनवर, कधी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत. "ताई, पोरगा खेळ सोडायचं म्हणतोय, सोडू द्यायचा का? आत्ता सोडला तर पुढे सगळंच अर्धवट सोडायची सवय लागेल ना?" मी डॅलसच्या उत्तरेकडे प्लेनो-फ्रिस्को भागात समुपदेशन करते, येणारी निम्मी घरं आपलीच. या प्रश्नाला मी पूर्वी फार पटकन उत्तर द्यायचे, आता देत नाही. त्याला कारण एक केस आहे, ती सांगते. नावगाव, बारीकसारीक तपशील बदललेत आणि घरच्यांना विचारून लिहितेय. मुलाला आपण बंड्या म्हणू.

बंड्या 9 वर्षांचा, चौथीत, खेळ फ्लॅग फुटबॉल. भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात, हा अमेरिकन फुटबॉलच पण कुणाला धरून पाडायचं नाही, हेल्मेट नाही, ब्लॉक करायचं नाही. प्रत्येकाच्या कमरेला बेल्ट आणि त्याला लटकणारी फडकी, ते फ्लॅग. बॉल ज्याच्या हातात त्याचा फ्लॅग ओढला की प्ले, म्हणजे ती एक चाल, तिथेच संपला. बॉल घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, म्हणजे गुण. इकडे लहान मुलांच्यात बहुतेक 5 विरुद्ध 5 असतो. डोकं फुटायची भीती कमी म्हणून आपल्या आयांना हा खेळ त्यातल्या त्यात बरा वाटतो.

आई एकटीच आली पहिल्यांदा. शुक्रवारी रात्री झोप नाही आणि शनिवारी सकाळी पोटात कळ, डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. सोमवार ते शुक्रवार पोट ठणठणीत, बुधवारच्या प्रॅक्टिसला जातो, शाळेच्या सुट्टीत तर उड्या मारत खेळतो. "पण मॅचमध्ये नुसता उभा राहतो हो, पुतळ्यासारखा. बॉल शेजारून जातो आणि हा बघतो." आणि मग जरा थांबून, आवाज खाली आणून, "ह्याचे बाबाच कोच आहेत."

आता यात नवल काही नाही. या लीग चालतातच पालकांवर, रविवारी कुणीतरी ईमेल टाकतं की कोच हवाय नाहीतर टीम होणार नाही, आणि जो पालक आधी हो म्हणेल तो कोच. बंड्याचे बाबा कराडकडचे, कॉलेजात असताना कबड्डी खेळलेले, डावा कोपरा. माणूस मनापासून करणारा. पण पहिल्या भेटीत त्यांनी जे वाक्य टाकलं ते मला आवडलं नव्हतं, आणि मुलगा शेजारच्या खुर्चीत बसलेला. "ताई, खरं सांगू का, हा भित्रा आहे."

मीही आधी तोच रस्ता धरला, हे कबूल करते. भीती म्हणून घेतलं, श्वासाचे व्यायाम दिले, "सगळ्यात वाईट काय होईल" वगैरे आमचे नेहमीचे प्रश्न विचारले. पोरगं गुणी, सगळं केलं, धाकट्या बहिणीलासुद्धा श्वास घ्यायला शिकवला. शनिवारी पोट दुखायचं ते दुखलंच. दोन सेशन गेले असे.

तिसऱ्या वेळी मी शिवणाच्या डब्यातली बटणं टेबलावर ओतली आणि म्हटलं, "मला तुझा खेळ येत नाही, मांडून दाखव." तर हा असा खुलला! पांढरी बटणं आपली, काळी समोरची. हा सेंटर, म्हणजे बॉल मागे देऊन प्ले सुरू करणारा, हा मागे क्वार्टरबॅक, म्हणजे तो बॉल घेऊन पास टाकणारा, हा स्लँट धावणार म्हणजे चार पावलं सरळ आणि मग तिरका आत, हा नुसता फसवायला पळणार. क्वार्टरबॅकला स्वतः बॉल घेऊन पुढे पळता येत नाही, त्याला 7 सेकंदांत पास टाकावा लागतो नाहीतर बॉल दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो, आणि समोरचा जो त्याच्यावर धावून येतो तो रशर, तो 7 यार्ड मागूनच सुटू शकतो, हे सगळं मला त्या पोराने शिकवलं. भित्रं मूल असं शिकवत नाही.

मग मी म्हटलं, आता बॉल त्यांच्याकडे, आपला डिफेन्स दाखव. तर हात थांबला. स्वतःचं बटण हातात धरून बसला.

"मावशी, इथे मला काय करायचं ते कळत नाही. बाबा म्हणतात स्टे विथ युवर मॅन. मग मी मॅनबरोबर, म्हणजे समोरच्या माझ्या वाट्याच्या मुलाबरोबर, जातो. मग बाबा ओरडतात बॉल, बॉल, बॉल. मग मी बॉलकडे गेलो की माझा मॅन टचडाउन करतो."

"मग तू काय करतोस?"

"उभा राहतो. उभं राहिलं की एकच चूक होते. पळालो की दोन होतात."

मला खरंच दोन मिनिटं काही बोलता येईना. पोराने हिशोब केला होता हो, आणि हिशोब बरोबर होता! घरात आपण ज्याला भित्रेपणा म्हणत होतो ती त्याची शांत डोक्याने काढलेली युक्ती होती, कारण एकाच माणसाकडून एकाच वेळी दोन उलट हुकूम येत होते, आणि तो माणूस कोच पण आणि बाप पण.

मी सहसा मैदानावर जात नाही, पण त्या शनिवारी गेले. टेक्सासचं ऊन, घडीच्या खुर्च्या, तेलुगू, स्पॅनिश, इंग्लिश सगळ्या भाषांत ओरडणारे पालक. मी वहीत नुसत्या रेघा मारत बसले, एका प्लेमध्ये बाबांकडून किती सूचना येतात त्याच्या. एका प्लेला 9 रेघा झाल्या, आणि प्ले चालतो किती, तर पाचसात सेकंद. आक्रमणात वेगळीच तऱ्हा. प्रत्येक पोराच्या मनगटावर पट्टी, त्यात बारीक अक्षरात प्लेचे चौकोन, बाबा प्लेचा नंबर ओरडणार, पोरं मनगट डोळ्याजवळ नेऊन शोधणार, एकजण चुकीच्या बाजूला उभा, सेंटरने बॉल दिला तेव्हा अर्धी टीम अजून वाचतच होती. समोरची टीम दोनच प्ले खेळत होती आलटून पालटून, आणि जिंकत होती.

बाबांना बोलावलं तर ते लॅपटॉप घेऊन आले. 32 प्ले, म्हणजे आधीच आखलेल्या चाली, एक्सेलमध्ये, रंगीत बाणांसकट. रात्री जागून केलेले. मला हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण प्रेम करायची तऱ्हाच असते ती काही बापांची. म्हणाले, "ताई, 2028 ला लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ येतोय, आणि तो निर्णय कुठे झाला माहितीय का, आपल्या मुंबईत, ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची बैठक होती तेव्हा, क्रिकेटसोबतच घेतला." बरोबर आहे, तसंच झालंय. पण 2028 ला बंड्या काही ऑलिम्पिकला जाणार नव्हता, त्याला या शनिवारी जायचं होतं.

कॉम्प्युटरवाला माणूस, आकड्यांशिवाय ऐकणार नाही, म्हणून मी त्यांना सिएटलच्या स्मिथ आणि स्मॉल या मानसशास्त्रज्ञांच्या कामाबद्दल सांगितलं. लिटल लीग बेसबॉलच्या काही कोचना त्यांनी साधारण अडीच तासांचं प्रशिक्षण दिलं, विषय डावपेच नव्हताच, मुलांशी बोलायचं कसं हा होता. चुकल्यावर लगेच धीर द्या, सूचना थोडक्यात द्या, शिक्षा नको, असं. 1992 मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात प्रशिक्षण न घेतलेल्या कोचची 26 टक्के मुलं पुढच्या वर्षी परत आली नाहीत, घेतलेल्यांची फक्त 5 टक्के, आणि जिंकण्या-हरण्याशी याचा संबंध नव्हता. बाबांनी मान हलवली, पण ती सेमिनारमध्ये हलवतात तशी.

मग मी सहज विचारलं, तुम्ही कोपऱ्यात उभे असायचात, समोर रेड चालू, तेव्हा तुमचे सर काय ओरडायचे?

ते हसले. "काही नाही ओ. ओरडले तरी ऐकायला कुठे येतं. सगळं आधीच सांगितलेलं असायचं."

"सगळं म्हणजे किती?"

"एकच. रेडरने बोनसला पाय टाकला की घोटा धरायचा. तोवर हात गप्प ठेवायचे."

आणि मग ते गप्प झाले. लॅपटॉप उघडाच होता, पण त्यांनी परत तिकडे बघितलं नाही. मीही काही जोडलं नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायला शिकायला वीस वर्षं लागतात.

पुढचं सगळं काम त्यांचंच, मी फक्त विचारत राहिले. डिफेन्समध्ये त्यांनी मॅन टू मॅन, म्हणजे प्रत्येकाने समोरच्या एकेकाच्या मागे राहणं, सोडून झोन, म्हणजे प्रत्येकाने आपापली जागा राखणं, घेतला. एक रशर, पुढे डावी-उजवीकडे दोघं, मध्ये एक, सगळ्यात मागे एक. प्रॅक्टिसला खुणेचे शंकू ठेवून प्रत्येकाचं अंगण आखून दिलं आणि प्रत्येकाला एक वाक्य. बंड्याचं अंगण उजवीकडे पुढचं, वाक्य हे की तुझ्या अंगणात येईल तो तुझा, बाहेर गेला की मागच्याचा, आणि बॉलवाल्याला आत वळू द्यायचं नाही, मैदानाच्या कडेच्या रेषेकडे जाऊ दे. रेषा म्हणजे आपला सहावा खेळाडू, ती कधी चुकत नाही. (काही कोच म्हणतात लहानांना मॅन टू मॅनच सोपं, असेलही. झोनमध्ये दोन अंगणांच्या मधल्या जागेत पास टाकला की पंचाईत होतेच, आणि यांची झाली पण. मला एवढंच कळत होतं की दोन्हीतलं एक धरा आणि मॅच संपेपर्यंत तेच बोला.)

फ्लॅग ओढायचा सराव दर प्रॅक्टिसला 15 मिनिटं, चिंचोळी गल्ली आखून एकास एक. इथे बाबांची कबड्डी उपयोगाला आली. डोळे फसवतात, खांदे फसवतात, हात तर फसवतातच, कंबर फसवत नाही. जवळ आलं की पावलं बारीक, गुडघे वाकलेले, नजर कमरेवर. पोरं आधी लांबून झेप घ्यायची आणि तोंडावर पडायची, ते थांबलं.

आणि 32 चे झाले 4. चारही एकाच मांडणीतून, म्हणजे समोरच्याला आधी काही कळत नाही आणि आपल्या पोरांना कुठे उभं राहायचं याचा विचारच नाही. एक, बॉल हातात देऊन पळवायचा. दोन, देतोय असं दाखवून पास. तीन, दोन्ही बाजूंनी स्लँट. चार, सेंटरने बॉल मागे देऊन स्वतःच पाच यार्ड पुढे जाऊन वळायचं आणि त्यालाच छोटा पास. हा चौथा फार कामाचा, कारण टचडाउनच्या रेषेआधीच्या 5 यार्डांत पळून जायला परवानगीच नसते, पासच करावा लागतो, आणि सगळे लांबच्या रिसीव्हरच्या, म्हणजे पास झेलणाऱ्याच्या, मागे पळतात, सेंटरला कुणी विचारतच नाही बिचाऱ्याला. नंबर गेले, नावं पोरांनी ठेवली. टाको, पिझ्झा, बर्गर आणि चौथा इडली, कारण तो पास मऊ टाकायचा असतो. त्या टीममधली सोनेरी केसांची दोन टेक्सन पोरं मैदानात "इडली! इडली!" ओरडायची ते ऐकायला तरी मी परत एकदा जायला हवं होतं.

सगळ्यात अवघड गेलं ते वेगळंच. मी सुचवलं की डिफेन्स चालू असताना बाबांनी बोलायचंच नाही, ते काम टीममधल्या दुसऱ्या एका मुलाच्या आईला द्यायचं, ती तशीही दर मॅचला असायची. बंड्याला बाबांच्या आवाजात कोच कुठला आणि बाप कुठला हे ओळखू येत नव्हतं, तर निदान अर्धा वेळ तरी तो आवाज बाजूला. बाबांनी खिशात हात घालून उभं राहायचं ठरवलं. पहिल्या मॅचला दोनदा मोडलं, आईने सांगितलं मला. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि पाण्याची बाटली लावली तोंडाला. गाडीत घरी येताना मॅचवर बोलायचं नाही, बंड्याने काढलं तरच, हाही नियम केला. पहिल्या आठवड्यात 20 मिनिटं गाडीत कुणी काहीच बोललं नाही म्हणे, नुसता एसीचा आवाज.

मॅचेस किती जिंकले हे सगळेच विचारतात. उरलेल्या 5 पैकी 2. पोट एका शनिवारी परत दुखलं, त्या दिवशी तो गेला नाही, आणि कुणी काही म्हटलं नाही. शेवटच्या मॅचला बंड्याने तीन फ्लॅग ओढले, आणि एकदा झेप घेऊन चुकला तर पटकन उठून आपल्या अंगणात परत जाऊन उभा राहिला. आईला तीन फ्लॅगचं काही वाटलं नाही, ते परत जाऊन उभं राहणं सांगताना तिचा आवाज भरून आला.

तर सोडू द्यायचा का? मी आता आधी विचारते की मूल नेमकं काय सोडू म्हणतंय, खेळ, टीम, कोच की घरी परतीचा रस्ता. बटणं घ्या, शेंगदाणे घ्या, मांडायला सांगा, आणि जिथे हात थांबतो तिथे बघा. सीझन पुरा कर, मग तुझं तू ठरव, एवढं म्हणायला हरकत नाही, पण मग ठरवलेलं खरंच मानायचं. मुलाला रोज उलटी होतेय, झोप-जेवण उडालंय असं असेल तर सीझनसाठीही थांबू नका.

बंड्याने ठरवलं. वसंतात त्याने सॉकरला नाव घातलं. बाबांना लागलं, माझ्यासमोर म्हणाले, "एवढं सगळं बदललं तरी गेलाच." पण त्यांनी कोचिंग सोडलं नाही, आता 7-8 वर्षांच्या पोरांची टीम घेतलीय, तेच 4 प्ले. बुधवारी प्रॅक्टिसला बंड्या जातो कधीकधी, कमरेला बेल्ट बांधून त्या चिंचोळ्या गल्लीतून पळतो आणि बारकी पोरं त्याचा फ्लॅग ओढायला बघतात. कुणी त्याच्या डोळ्यांकडे बघत राहिलं की तो थांबून सांगतो, "नो नो, कमरेकडे बघ," आणि समोरच्या पोराला त्यातलं एक अक्षर कळत नाही.