सुधाकर आणि अप्पासाहेब बेलवलकर: खरा शोकनायक कोण?

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील सुधाकराचा घात दारूने केला आणि वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’मधील अप्पासाहेब या वृद्ध नटाचा पोटच्या मुलांनी, तेव्हा दोघेही परिस्थितीचे बळीच नव्हेत का, असा प्रश्न विचारला जातो. मला हे पटत नाही, आणि सुधाकराच्या बाबतीत तर मुळीच नाही.

दारू सुधाकराच्या आयुष्यात येते ती एका अपमानाच्या पाठोपाठ. गरिबीतून केवळ बुद्धीच्या बळावर वर आलेला हा मानी वकील मुन्सफाशी, म्हणजे न्यायाधीशाशी, खटका उडवून घेतो, त्याची वकिलीची सनद काही काळापुरती जाते, आणि ती मानखंडना काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून त्याचा दारुडा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. पुढे शुद्धीवर येऊन तो दारू सोडतोही. पण काम मागायला गेला असता झिडकारला जातो आणि पुन्हा पेल्याकडे वळतो. गडकऱ्यांनी दोन्ही वेळा आधी अपमान आणि मग प्याला असा क्रम ठेवला आहे, तो मला फार महत्त्वाचा वाटतो. शिवाय सुधाकर आंधळा नाही. दारू माणसाला पायरीपायरीने कशी बुडवते हे तो आपला मित्र रामलाल याला समजावून सांगतो, ते एखाद्या वैद्याने रोगाची लक्षणे सांगावीत इतक्या स्वच्छपणे. फरक इतकाच, की येथे रोगीही तोच आहे.

अप्पासाहेबांना स्वतःविषयीची ही जाण फार उशिरा येते. समोरचे ताट द्यावे, पण बसायचा पाट देऊ नये, हे व्यवहारज्ञान त्यांच्यापाशी नाही. मुलगा नंदा आणि मुलगी नलिनी यांच्यात सगळे वाटून ते मोकळे होतात. येथवर ते मुलींना राज्य वाटून टाकणाऱ्या शेक्सपिअरच्या किंग लिअरचे मराठी भाऊबंद आहेत. शिरवाडकरांनी त्यात स्वतःची भर घातली ती नटाच्या स्वभावाची: हा माणूस घरातही रंगमंचावरच वावरतो, आणि ज्या घराला प्रेक्षक व्हायचे नाही त्या घरात तो मावत नाही. मुलांचा दोष मी कमी करत नाही, कारण मुलीच्या घरी आई-बापांवर चोरीचा आळ यावा याला क्षमा नाही. तरी 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी ही भूमिका साकारल्यापासून आपण अप्पासाहेबांच्या भाषणांनी इतके भारावून गेलो आहोत, की त्यांच्या पत्नीचा, कावेरीचा, सावध शहाणपणा आपल्याला नीट ऐकूच येत नाही.

म्हणूनच माझा कौल सुधाकराकडे जातो, जरी 1919 साली, गडकऱ्यांच्या निधनानंतर, नाटक रंगभूमीवर आले तेव्हापासून प्रेक्षकांचे अश्रू बालगंधर्वांनी साकारलेल्या सिंधूकडे, सुधाकराच्या पत्नीकडे, गेले आणि नायक काहीसा झाकोळला. अप्पासाहेबांच्या चुकीची सर्वांत मोठी किंमत ते आणि कावेरी मोजतात, पण सुधाकराच्या हातून स्वतःचे मूल मरते. अप्पासाहेब अखेरीस घरी परतण्याचे नाकारून, आपल्या जुन्या भूमिकांना हाका मारत मरतात आणि प्रेक्षक त्यांच्या बाजूचाच राहतो. मरणाच्या दारातली सिंधू मात्र पोलिसांपासून नवऱ्याला वाचवण्यासाठी खोटे बोलते, आणि तरीही तो वकील विषाचा प्याला घेऊन आपल्या खटल्याचा निकाल स्वतःच लावतो.